राक्षसाचं नाक

टक्! राक्षसाच्या नाकावर मी मारलेला छर्रा उलटा फिरला आणि माझ्याच गॉगलवर येऊन आपटला. गॉगल नसता तर आज हे एका डोळ्याने लिहावं लागलं असतं.

"बघा मॅडम, टवकासुद्धा नाय गेला!" गजाभाऊ खुशीत ओरडले. मी जिवंत आहे की नाही, याचं त्यांना काही नव्हतं.

रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. दुसऱ्या दिवशी आमचा फॅमिली डे होता आणि प्लँट मॅनेजर साहेबांनी बीबी पिस्तुलाच्या स्टॉलची टूम काढली होती. हे पिस्तूल गॅसच्या दाबाने मिऱ्याएवढे स्टीलचे छर्रे उडवतं. टार्गेट म्हणून साहेबांनी पेणहून प्लॅस्टरचे राक्षस करून आणले. करणारे गजाभाऊ, पिढीजात गणपतीवाले. मूर्तीला टवका गेला की या माणसाला जेवण जात नाही. त्यामुळे राक्षस फुटू नयेत म्हणून त्यांनी आत भरपूर काथ्या घातला, वर पाठीला लोखंडी पत्रा ठोकला. राक्षस कसले, बंकर!

"साहेब, या स्टॉलला माझी सही नाही," मी सांगून टाकलं.

"अहो, ग्रुपवर टाकलंय! पोरं घरी नाचतायत."

"त्याच पोरांच्या डोळ्यांचं बोलतेय मी. स्टील कडक वस्तूवर आदळलं की परत येतं."

"मग प्लॅस्टिकचे छर्रे घाला."

"ते जाडे असतात, या नळीत शिरणार नाहीत. पिस्तुलाचं जे माप, तेच घालायचं."

म्हणजे छर्रा बदलणं शक्य नव्हतं. टार्गेटच बदलायला हवं होतं, छर्रा पोटात घेणारं. मी गजाभाऊंना म्हटलं, "शाडूची तोंडं करा. ओली आणि चांगली जाडजूड."

त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजे माझ्या हातच्या कामाची लोकांसमोर चाळण? नाय मॅडम. पेणला तोंड दाखवू कसा?" आणि तरातरा टेम्पोकडे निघाले.

माझं डोकं फिरलं. "भाऊ, राक्षसाचं नाक गेलं तर दुसरं लावाल. एखाद्या पोराचा डोळा गेला तर तो कुठल्या साच्यातून काढाल?"

ते थांबले. टेम्पोचं दार उघडलं होतं, ते परत लावलं. मग म्हणाले, "शाडू हाय माझ्याकडं. पन मी तिथंच बसनार. भोक पडलं की बुजवनार."

फॅमिली डेला मी वाळूच्या गोण्या रचल्या आणि त्यांच्यापुढे शाडूची तोंडं मांडली. बघणाऱ्यांनाही गॉगल सक्तीचे केले, आणि त्यांना दोरीच्या मागे उभं केलं. ठप्प! छर्रा मातीत गडप. हुश्श झालं मला. प्रत्येकाचा खेळ संपला की पिस्तूल रिकामं करून माझ्या टेबलावर. मग गजाभाऊ पुढे जायचे, चिमट्याने छर्रे काढायचे, कारण रुतलेल्या छर्ऱ्यावर दुसरा बसला तर तोही उलटतो. नंतर ओला अंगठा फिरवायचे. साहेब ते छर्रे धुऊन पुन्हा भरायला निघाले होते. मी हातातून काढून घेतले. मातीचा कण नळीत अडकला म्हणजे?

दुपारपर्यंत वेगळंच झालं. नेम धरायला कुणी येईना, सगळे गजाभाऊंभोवती. "अगो, बघ कसा भराभर नाक बसवतो!" गजाभाऊंनाही चेव आला. भोकं बुजवता बुजवता त्यांनी राक्षसाला खळी काढली, भुवई उडवली. तो इतका गोड दिसायला लागला की राक्षस म्हणवेना.

शेवटी साहेबांनीच पिस्तूल उचलून छर्रे भरले. "चला, सरका. मी मारतो."

"नको ना साहेब!" पॅकिंगमधल्या बायका एकसुरात ओरडल्या. "किती छान झालाय! नका मारू त्याला!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिस्तूल घेतलं, रिकामं केलं आणि पेटीत ठेवलं. गजाभाऊ मान खाली घालून हसत होते, पण डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. टार्गेट मऊ असावं, हे मी ट्रेनिंगमध्ये पहिल्यापासून सांगते. ते फार देखणं असू नये, हे आता सांगते.