दुसऱ्या देशाचा फॉर्म

२००६ साली मी टेक्स्टाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा कॉलेजने मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. दोन गिरण्यांपैकी एक निवडायची होती. एक आखातात, एक युरोपात. आखातातल्या गिरणीजवळ आत्या राहायची, त्यामुळे घरात तोच देश पक्का झाला.

मला मुली आवडतात हे तेव्हा मला आणि पडघ्याच्या एका मुलीला माहीत होतं. ती लग्न होऊन गेली होती, म्हणजे तसं आता फक्त मलाच. भिवंडीच्या सायबर कॅफेत बसून मी आखातातल्या त्या देशाचा याबद्दलचा कायदा शोधला, चार पानं प्रिंट काढली आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवली. ती फाइल बाबा सांभाळतात, हे डोक्यातच आलं नाही.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. हातात आलेला कागद न वाचता खाली ठेवणं त्यांना जमत नसे. रविवारी आई भाजी आणायला गेल्यावर त्यांनी ती पानं माझ्यापुढे ठेवली. शिक्षेच्या ओळींखाली त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"हे कोणासाठी काढलंस?"

"माझ्यासाठी."

त्यांनी पानं पुन्हा क्रमाने लावली. ती क्रमानेच होती.

"मग तिकडे जायचं नाही. दुसऱ्या देशाचा फॉर्म भर."

"बाबा, आपल्याकडेही हा गुन्हाच आहे."

"इथे मी आहे," ते म्हणाले. मग पानांची घडी घालत, "आईला सांगू, युरोपातली मशिनं नवी आहेत."

आईने विचारलं तेव्हा कधीही न पाहिलेल्या मशिनांबद्दल ते दहा मिनिटं बोलले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबर मला तीन ठिकाणी लिहून दिला. म्हणाले, "माणूस पारखल्याशिवाय काही बोलू नकोस. पण सगळं माहीत असलेलं एक तरी माणूस तिथे असू दे."

दुसऱ्या महिन्यात मी घरमालकिणीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायची माझी पाळी असल्याची आठवण करून दिली. रविवारच्या फोनवर मी बाबांना म्हटलं, "एकीला सांगितलं."

"कोण?"

"घरमालकीण. साठीची आहे."

"ठीक. जेवलीस?" एवढं विचारून त्यांनी फोन आईकडे दिला.

मी परत आल्यावर या विषयावर आम्ही तीन-चारदाच बोललो असू. दर वेळी त्यांनी आधी उठून दार लोटून घेतलं, घरात दुसरं कुणी नसलं तरी.