फांदी काढली, दगड राहिले

आमची जुनी फियाट चढाला तापायची. घेतानाच मेकॅनिक म्हणाला होता, पाण्याची कॅन बरोबर ठेवा आणि घाई करू नका. कॅन मी ठेवली.

नव्वदीची सुरुवात होती. गिरगावची खोली सोडून आम्ही लांबच्या उपनगरात, जेसल पार्कला आलो त्याला फार वर्षं झाली नव्हती. आणि काशिमिऱ्याच्या पुढचा हायवे तेव्हा नुकताच रुंद झाला होता. त्याआधी डांबराच्या कडेला मुरमाची साइडपट्टी होती. ट्रकवाले तिथे गाडी लावून स्टोव्हवर भात शिजवायचे, कोणाचं टायर बसलं तर तो तिथे उतरायचा. रुंदीकरणात त्या साइडपट्टीवरच डांबर पडलं आणि एकाच्या दोन लेन झाल्या. डांबर संपलं की लगेच गटार. पण रस्ता मोठा झाला म्हणून सगळे खूश होते. मीही होतो. ऑफिसात कौतुकाने सांगायचो, आता कसं, वसईपर्यंत सुसाट जातोय.

त्या रविवारी मी, बायको आणि मुलगी वज्रेश्वरीला निघालो होतो. बायकोचा नवस होता, ओटी भरायची होती. समोरच्या दारातले शेजारी नाइट शिफ्ट करून नुकतेच आले होते. रत्नागिरीचे, कारखान्यात मशीनवर होते. जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "काय गाडीवाले, देवीला जाताय की गाडीला ढकलायला जाताय?" मी हसलो. त्यांच्याकडे स्कूटर होती आणि ती कधी बंद पडत नसे.

खाडीच्या पुलाआधीच्या चढावर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन गप्प झालं. कडेला घ्यायची तर कड नव्हती. गाडी तशीच डाव्या लेनमध्ये उभी राहिली. बायको आणि मुलगी गटार ओलांडून करंजाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. गाडीच्या मागे काही अंतरावर दगड मांडले आणि करंजाची एक डहाळी तोडून त्यांच्यात उभी खोवली. पाला हलताना लांबून दिसतो, मागून येणारा वळून जातो. दगड नसले तर फांदी वाऱ्याने पडते. म्हणजे दगड फांदीसाठी असतात.

इंजिन निवेपर्यंत आम्ही झाडाखाली थांबलो. तेव्हा बायकोच्या लक्षात आलं, की ओटीची पिशवी दारातच राहिली. तांदूळ, खण, नारळ सगळं त्यात. फार हळहळली. मी म्हटलं, तिथे देवळाबाहेर मिळतं सगळं, त्यात काय एवढं.

पाणी ओतलं. गाडी सुरू झाली. आता ती बंद पडू द्यायची नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. बायको आणि मुलगी आत बसल्या. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून होतो, मग आठवलं म्हणून उतरून मागे पळालो. मागे एक ट्रक येऊन थांबला होता आणि हॉर्न देत होता. मी फांदी ओढली आणि गटारात टाकली. दगडांना हात लावणार तेवढ्यात इंजिन अडखळल्याचा आवाज आला. मी तसाच परत पळालो. तो ट्रक आमच्या बाजूने निघून गेला.

बायकोने विचारलं, "दगड काढलेत ना?"

मी म्हटलं, "हो."

वज्रेश्वरीला आम्ही देवळाबाहेरून ओटी घेतली, भरली, कुंडात पाय बुडवून बसलो. परतताना मी पलीकडच्या लेनकडे मान वळवून बघितलं. दगड नव्हते. कोणीतरी काढले, असं मनात आलं आणि मी विषय संपवला.

घरी आलो तर समोरच्या दाराला कुलूप होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं. आम्ही गेल्यावर शेजाऱ्यांना दारात पिशवी दिसली. देवीची ओटी राहिली म्हणून ते न झोपता स्कूटर काढून आमच्या मागे निघाले होते. पुलाआधीच्या चढावर पुढचा ट्रक अचानक उजवीकडे वळला आणि त्यांच्या चाकाखाली दगड आला. एका टेम्पोवाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं. त्यानेच दगडही गटारात टाकले असणार.

गुडघा गेला. ऑपरेशनं झाली, पण पाय वाकेना. मशीनवर उभं राहणं संपलं. पुढे त्यांना जवळच्या केबिन रोडवर एसटीडी फोनचा बूथ मिळाला, तिथे ते पाय लांब करून बसायचे. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे, हे ट्रकवाले असेच, गाडी दुरुस्त झाली की दगड टाकून जातात, साल्यांना दुसऱ्याचं काही नाही. मी मान हलवायचो.

एवढंच असतं तर मी कदाचित कायमचा गप्प बसलो असतो. पण बायकोने सगळं स्वतःवर घेतलं. पिशवी मी विसरले नसते तर ते निघालेच नसते, असं ती सुरुवातीला बोलायची, नंतर बोलायची थांबली. तिने ओटी भरणं सोडलं. नवरात्रात बायका बोलवायला यायच्या, ही काहीतरी कारण सांगायची. जे काही करेल त्याची वाटी आधी समोरच्या घरी जायची, मग आम्हाला. मी ती वाटी जाताना रोज बघत होतो. मला काय वाटत होतं ते आता सांगता येणार नाही, कारण फारसं काही वाटत नव्हतं. दाढ काढल्यावर गाल बधिर असतो, तसा मी होतो.

वर्षं गेली. नव्वदी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी मी आणि बायको भाजी घेऊन केबिन रोडने येत होतो. बूथपाशी थांबलो. कशावरून तरी वज्रेश्वरीचा विषय निघाला आणि बायको त्यांना म्हणाली, माझ्यामुळे झालं सगळं. ते हसून म्हणाले, "वहिनी, नारळ रस्त्यातच फुटला, देवीने तिथेच घेतला. तुम्ही कशाला हिशेब ठेवताय?" बायको हसली नाही. तिचा चेहरा मी नीट बघितला. बहुतेक पहिल्यांदाच.

घरी येऊन ती मेथी निवडायला बसली. मी समोर बसलो आणि सांगितलं. गाडी, ट्रक, फांदी, तिचा प्रश्न आणि माझं 'हो'. तिचे हात थांबले नाहीत. जुडी संपल्यावर ती म्हणाली,

"फांदी काढलीत तुम्ही. आणि दगड ठेवलेत."

"हो."

"फांदी राहिली असती तर त्यांना दिसली असती."

मी पुन्हा हो म्हटलं. मग ती म्हणाली, "जाऊन सांगा त्यांना. मी येणार नाही."

मी तसाच परत बूथवर गेलो. आत एक गुजराती बाई सुरतला बोलत होती. तिचं होईपर्यंत उभा राहिलो आणि मग सांगितलं. शेजाऱ्यांनी पाय दोन्ही हातांनी उचलून जरा सरकवला.

"दगड मीपण ठेवलेत," ते म्हणाले. "तेव्हा साइडपट्टी होती, कोणाच्या वाटेत आले नाहीत. त्या दिवशीही साइडपट्टी असती तर मी खाली उतरलो असतो. माझ्या उजवीकडे ट्रक होता, डावीकडे गटार." मग म्हणाले, "पण वहिनींना एवढी वर्षं का ठेवलंत तसं?"

दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ते नंबर लावायला वळले. मला त्यांनी गाडीवाले म्हणून शेवटची हाक मारली ती त्या रविवारी जिन्यात. त्यानंतर कधी नाही.

त्या नवरात्रात बायको एसटीने वज्रेश्वरीला गेली. मी गाडी काढतो म्हणालो, तिने नको म्हटलं. मुलीला घेऊन गेली. पिशवी आदल्या दिवशीच भरून दाराच्या कडीला अडकवली होती. संध्याकाळी दोघी आल्या, आधी समोर गेल्या. तिथे बराच वेळ बोलण्याचे आवाज येत होते, मध्येच शेजाऱ्यांचं हसणं. मग बायको घरात आली. प्रसादाचा पुडा सोडला, मुलीच्या हातावर दिला, स्वतः घेतला. माझा वाटा तिने टेबलावर ठेवला आणि पदर खोचून कुकर लावायला गेली.