आईच्या पत्त्यावर गेलेलं पत्रक

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त असायची. बाबा दिल्लीत एका कामगार संघटनेच्या कचेरीत होते. आई शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी मोर्चात असायची. जेवणाच्या टेबलावर, फ्रिजवर, माझ्या दप्तरात, सगळीकडे गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे. शेजारीपाजारी सगळं हिंदी, त्यामुळे माझं मराठी त्या कागदांवरच पोसलं गेलं. ‘शोषण’ हा शब्द मला ‘शेवगा’च्या आधी आला. शेवग्याला मी अजूनही कधीकधी सहजन म्हणते. दहा वर्षांची असताना बाबांच्या एका मसुद्यातली पहिली ओळ मी बदलून दिली आणि त्यांनी ती तशीच छापली. खरं असेल ते छापावं, आणि छापलं की काम झालं, अशी माझी तेव्हापासूनची समजूत.

म्हणून मी ‘गटा’त जायला लागले तेव्हा बाबांनी फोनवर टोमणा मारलाच.

“काय, साहेबलोकांच्या दानधर्मात का आता?”

“बाबा, तिथे पैसे चालतच नाहीत.”

“मग काय चालतं? समोसे?”

समोसे चालायचेच. पण गटाचा नियम खरोखर वेगळा होता. दिल्ली, नोएडा, गुडगावातले नोकरी-व्यवसाय करणारे मराठी लोक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पहाडगंजच्या मराठी शाळेतला एक वर्ग मागून घेत आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. प्रत्येकाने महिन्यातले दोन तास द्यायचे, तेही स्वतःच्या पेशाचे. डोळ्यांच्या डॉक्टरबाई डोळे तपासायच्या. वकील भाडेकरार वाचून द्यायचे. गटाचे म्होरके म्हणजे निवृत्त उपसचिव काका. ते महाराष्ट्रातून यूपीएससीच्या परीक्षेसाठी दिल्लीत आलेल्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घ्यायचे. मला ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “तू लिहितेस ना? मग दोन तास लिही. भाषण नको देऊस, प्लीज.”

माझ्याकडे वार्षिक पत्रक आलं. दरवर्षी एका विद्यार्थ्याची वाटचाल चार पानांत छापायची, सभासदांनी ती आपापल्या ऑफिसात न्यायची, म्हणजे आणखी कुणीतरी दोन तास द्यायला तयार होतं. आणि एक प्रत त्या विद्यार्थ्याच्या घरी, आईवडिलांच्या नावे टपालाने जायची. हा काकांचा आग्रह. “मोबाईलवर बघणं वेगळं आणि हातात धरणं वेगळं,” असं ते म्हणायचे.

त्या वर्षी ज्या मुलीवर लिहायचं ठरलं ती दिल्लीतल्याच मुनिरक्यात एका खोलीत दोघींबरोबर राहत होती. लेखी परीक्षा पास झालेली, मुलाखत बाकी. मी तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, तरी ती मला ताई म्हणायची आणि माझ्या मराठीला हसायची. “ताई, तुम्ही चहा पितानासुद्धा ठराव मांडताय असं वाटतं.” वडील लहानपणीच गेलेले. आई तालुक्याच्या एसटी स्थानकावर सफाईचं काम करते, हे तिने परीक्षेच्या अर्जात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि ती ते कुणालाही सहज सांगायची.

एका दुपारी चहा गाळता गाळता तिने मला आणखी एक सांगितलं. हे इथे लिहितेय ते तिला आधी दाखवून. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

नववीत असताना ती मैत्रिणींबरोबर त्या स्थानकावर उतरली होती. आई फलाट झाडत होती, पाठमोरी. एका मैत्रिणीने नाकाला रुमाल लावला. ही चटकन घोळक्याच्या पलीकडच्या बाजूला सरकली आणि हाक न मारता निघून गेली. “आईने बघितलं की नाही, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कधी विचारलं नाही.” चहा गाळताना तिचा हात जरासुद्धा थांबला नाही, म्हणून मी समजले की हे तिच्या लेखी जुनं झालंय.

मी ते लिहिलं. तिची मेहनत नाही, तिचे गुण नाहीत, पहिल्याच परिच्छेदात ते. ‘जो समाज एका मुलीला तिच्या आईची ओळख नाकारायला लावतो, त्या समाजाने आधी आरशात पाहावं.’ नाव टाकलं नव्हतं, पण तालुका होता, स्थानक होतं. मसुदा तिला दाखवला नाही. ती अभ्यासात आहे, कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर ती तो परिच्छेद काढून टाकेल अशी मला भीती होती, आणि तो परिच्छेद फार चांगला जमला होता.

तिची सराव मुलाखत फेब्रुवारीतल्या रविवारी होती. खरी मुलाखत त्याच आठवड्यात गुरुवारी. मास्तरांच्या टेबलामागे काका, डॉक्टरबाई, वकील आणि गुडगावच्या कंपनीतले एक मॅनेजर बसले. समोरच्या खुर्चीत ती, इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले. मी शेवटच्या बाकावर. पत्रकं ती यायच्या आधीच वाटून झाली होती.

सुरुवातीची दहा मिनिटं ती झकास बोलली. पाणीवाटप, पंचायती, सगळं. मग डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्या मायाळू बाई आहेत, कुणालाही बेटा म्हणतात.

“बेटा, त्या दिवशी स्टँडवर तू आईला ओळख दिली नाहीस. आज ती समोर असती तर काय म्हणाली असतीस?”

तिने टेबलाकडे पाहिलं. चौघांच्याही पुढ्यात ते पत्रक होतं.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

डॉक्टरबाई गोंधळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिने पत्रक उचललं, उभ्याने पहिलं पान वाचलं, “माफ करा सर,” म्हणाली आणि बाहेर गेली.

मी व्हरांड्यात तिला गाठलं.

“छान लिहिलंय, मॅडम,” ती म्हणाली.

“ऐक ना, यात तुला लाज वाटण्यासारखं काहीच...”

“लाज? आई झाडू मारते हे मी सगळ्यांना सांगते. मला त्याची लाज नाही.”

“मग?”

“ते मला आईला सांगायचं होतं. तिला सांगायच्या आधी तुम्ही सगळ्या वर्गाला वाटलंत.”

मी म्हटलं की दोष तिचा नव्हताच, मी तेच तर लिहिलंय, ही सगळी व्यवस्था...

“व्यवस्था नव्हती हो तिथे,” ती म्हणाली. “मी होते.”



तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांचा चेहरा पाहूनच मला धसका बसला. “एक गडबड आहे, बेटा. तुझ्या घरची प्रत मी शुक्रवारीच पोस्टात टाकली.” कोपर्निकस मार्गाजवळच्या टपाल कार्यालयात ते स्वतः गेले होते. पत्ता स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. “आई जोडाक्षराला अडते,” ती म्हणाली. “मग कागद स्टँडवरच्या कँटीनवाल्या मामांकडे नेते. ते मोठ्याने वाचतात. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं.”

आत जाऊन पाहिलं तर डॉक्टरबाई बाकाबाकांवरून पत्रकं गोळा करत होत्या. मॅनेजरांनी ऑफिससाठी घेतलेला गठ्ठा बॅगेतून काढून ठेवला. मला पत्रकं वाटता येत होती, परत घ्यायची कशी ते मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी टपाल कार्यालय उघडायच्या आधीच काका दारात होते. पाकीट परत मागवायचा अर्ज असतो, तो त्यांना तोंडपाठ होता. अकराला त्यांचा फोन आला. पाकीट दिल्लीतून निघून गेलं होतं, बुधवारी पोचेल. “अरे यार, पस्तीस वर्षं सरकारात काढली,” ते म्हणाले, “लोक म्हणायचे तुम्ही फक्त कागद अडवता. आणि आज एक पाकीट अडवता आलं नाही मला.” मग म्हणाले, “तू तिच्याकडे जा. आणि बोलू नकोस फार.”

मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. मुनिरक्याच्या त्या गल्लीत दोन घरांमधलं आभाळ हातभर दिसतं, पण तिच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन असायचं. घरमालकिणीने रजया वाळत घातल्या होत्या. ती चटईवर नोट्स पसरून बसली होती. वाचत मात्र नव्हती.

मी पाकिटाचं सांगितलं. आणि मग, काकांनी बजावूनही, योजना मांडायला लागले. मीच आईंना फोन करते. नाहीतर कँटीनवाल्या मामांना करते. नाहीतर आज रात्रीच्या गाडीने निघते आणि पोस्टमनला...

“मॅडम, तुम्ही थोडा वेळ गप्प बसता का?”

मी गप्प बसले. खालून प्रेशर कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. ती नखाने चटईची काडी उचकटत राहिली.

“मुलाखत झाल्यावर सांगणार होते,” ती म्हणाली. “पास झाले तर. पास होऊन सांगितलं की मग ते फार वाईट वाटलं नसतं ना तिला. असं माझ्या डोक्यात होतं.”

“आणि आता?”

“आता तशीच सांगते. नापास.”

तीनला आईची कामाची पाळी संपायची. तिने मोबाईल हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मी उठायला लागले.

“कुठे चाललात? बसा इथेच,” ती म्हणाली. “पण ऐकू नका.”

ती रजयांच्या पलीकडे गेली. मी न ऐकायचा प्रयत्न केला, पण गच्ची केवढीशी. “जेवलीस का?” ऐकू आलं. “हो. नाही, खोकला गेला.” मग, “आई, एक सांगायचंय. टपाल येईल त्याच्याआधी.” मग तिचा आवाज इतका खाली गेला की मला खरंच काही ऐकू आलं नाही. रजईखालून फक्त तिचे पाय दिसत होते. एका जागी उभे. बऱ्याच वेळाने ते पाय चालायला लागले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. “हं,” ती म्हणत होती. “हं. हं, आई.” आणि मग एकदम, नाकातून, हसू.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता आणि ओढणीचं टोक हातात चुरगळलेलं. मी बाटली पुढे केली. ती घटाघटा पाणी प्यायली.

मी मान्य करते की मी अर्धंच मिनिट थांबले.

“काय म्हणाल्या गं?”

“नाही सांगणार.”

“अगं पण...”

“तुम्ही छापाल, ताई,” ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

मग तिने नोट्स गोळा केल्या, चटईवर मांडी ठोकली आणि पाठ ताठ केली. “चला. डॉक्टर मॅडमचा तो प्रश्न विचारा आता. गुरुवारी कुणी विचारला तर? त्यांच्यासारखाच विचारा, चष्मा काढून.”

मला चष्मा नाही. मी तसाच विचारला. ती बोलायला लागली, सावकाश, मध्ये दोनदा अडून, आणि एका ठिकाणी थांबून तिने माझ्याकडे पाहिलं.

“लांबतंय का हे?”

“लांबतंय,” मी म्हटलं. “पण कापू नकोस.”