विहीणबाईंच्या शेतातलं घरटं

एसटीत शेजारची जागा रिकामी राहावी असं वाटत असेल, तर पिशवीत अर्धा किलो सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, ठेवावेत. पुण्याला गाडी बदलल्यावर मी दोन माणसांच्या बाकावर एकटी ऐसपैस बसून गेले. पाथर्डीला एक गृहस्थ शेजारी येऊन टेकले, नाक फेंदारलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभे राहिले.

निघायचं कारण दोन दिवस आधी फोनवर कळलं होतं. माझी लेक मेघा बीड जिल्ह्यात दिली आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. दापोलीला शेतकी शिकायला आलेला शिवराज तिला भेटला आणि आमचे व्याही समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर, गेवराईजवळ गोदाकाठच्या गावात निघाले. फोन तिच्या सासूबाईंचा, गिरिजाबाईंचा होता.

"विहीणबाई, तुमची अंडी आमच्या शेतात निघालीत! या लवकर!"

मी चहाचा कप खाली ठेवला. पाईपलाईनसाठी नदीकाठाला चर खणताना पांढरी गोल अंडी दिसली होती. गावातल्या जाणत्यांनी ती कासवाची ठरवली आणि गिरिजाबाईंनी काम थांबवलं. आपल्या किनाऱ्यावर मी गेली चौदा वर्षं कासवांची घरटी राखते, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं होतं. आता ते सिद्ध करून दाखवायची वेळ आली होती. आपला हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून मी निघाले.

पाथर्डीच्या पुढे रस्ता सपाट होत गेला, डोळे मिटू लागले, आणि उघडले तेव्हा बाहेर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग होती. हवेत मळीचा गोड-आंबट वास होता.

"गेवराई आली का हो?" मी कंडक्टरला विचारलं.

"गेवराई? ती कवाच गेली मावशी. हे माजलगाव हाय. चार हाका मारल्या, तुमी घोरायलता."

शिवराज मोटारसायकल घेऊन माजलगावपर्यंत आला तेव्हा मी स्टँडवर दुसरा चहा पीत होते. जावयासमोर सासूबाईंनी असं हरवणं बरं दिसत नाही. तो बिचारा परत जाताना दर पाच मिनिटांनी "आई, जाग्या आहात ना?" असं विचारत राहिला.

गाव आलं. अंगणात पन्नासेक माणसं बसलेली. मला वाटलं, काही वाईट तर झालं नाही ना! पण ती माझ्यासाठी थांबली होती. गिरिजाबाई, उंच, धिप्पाड, कपाळावर भस्माचं बोट, पुढे आल्या आणि माझा हात धरून लोकांना म्हणाल्या, "या बगा. ह्या आमच्या कासववाल्या विहीणबाई."

त्याच क्षणी त्यांना पिशवीचा वास आला. हे घर शिवभक्त शाकाहारी. मेघाने लग्नापासून दहा वेळा बजावलं होतं, पण कोकणातून निघताना हात आपोआप सोड्यांच्या डब्याकडे जातो, त्याला मी काय करू? मेघाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पिशवी उचलून गोठ्यापलीकडे बाभळीला टांगून आले. तिथल्या मांजरांची मात्र त्या दिवसापासून माझ्यावर श्रद्धा बसली.

हातपाय धुऊन लगेच नदीवर गेलो. काठावर गहू वीतभर आलेला, त्याला चिकटून गुडघाभर चर, आणि चराच्या टोकाला एक टोपलं पालथं घातलेलं. वर दगड. मी टोपलं उचललं. मातीच्या कडेत दोन अंडी उघडी पडली होती, गोटीपेक्षा मोठी, अगदी वाटोळी. बाकीची आत असावीत. आपल्या अंड्यांहून बरीच लहान, पण पांढरेपणा तोच.

मी ओली माती हळूच त्यांच्यावर सरकवली, मग उठून उभी राहिले आणि आपण पर्यटकांना सांगतो ते सुरू केलं. मादी किनाऱ्यावर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, परत समुद्रात जाते, मागे वळून बघतसुद्धा नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. वाळू जास्त तापली की माद्या जास्त होतात, थंड राहिली की नर.

"म्हंजे ऊन लई आसंल तर समद्या पोरीच?" एका म्हातारीने विचारलं.

"बहुतेक."

"मग आमच्या बीडात पोरीच पोरी. बरं झालं बाई, कुनाला तरी इथं पोरी व्हायला पायजेत."

बायका हसल्या. एकदोघी हसल्या नाहीत.

"पन्नास दिवस?" मागून आवाज आला. हे आमचे व्याही, आबा. पांढरी टोपी, तुळतुळीत दाढी, आणि कपाळावर आठी. "विहीणबाई, या आठवड्यात आमाला दिवसाची लाईट हाय. पुडल्या आठवड्यात रातची. चर पुरा झाला न्हाई तर गव्हाला पानी द्यायला मी अंधारात साप तुडवीत फिरू का?"

त्यांचं खोटं नव्हतं. गव्हाची टोकं पिवळी पडू लागली होती, ती मलाही दिसत होती.

"पन्नास न्हाई," आणखी एक आवाज आला, खालून, पाण्याकडून. कमरेएवढ्या पाण्यात जाळं झटकत एक वाळका म्हातारा उभा होता. हे गेनूबाबा भोई. सगळा जन्म या पात्रात मासे धरण्यात गेलेला. "बाई, ही पावसाळ्यात निगत्यात. जमीन भिजल्याबिगर पिल्लू भायेर येत न्हाई."

"पावसाळा? आता तर मार्गशीर्ष आहे!"

"मंग? झोपत्यात आत. त्यास्नी कशाची घाई हाय?"

आबा आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्याने हसले. "ऐका! सात महिने! उद्या सकाळी चर सरळ जानार."

माझं ज्ञान असं तासाभरात पाण्यात गेलं. मी बाजूला जाऊन आपल्याकडे दर हंगामात येणाऱ्या संशोधक सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. गेनूबाबांचं बरोबर होतं. पोटाखाली मागच्या पायांवर झाकणासारख्या झडपा असलेलं हे गोड्या पाण्याचं कासव. त्याची मोजकी अंडी मातीत कोरडे महिने काढतात आणि पावसाची वाट पाहतात. उन्हाने माद्या होण्याचा नियमही याला लागू नाही. अंडी हलवू नका, आतलं पिल्लू फिरलं तर मरतं. आणि हा संरक्षित प्राणी आहे, वनखात्याला कळवा. शिवराजने तिथूनच वनरक्षकांना कळवलं. तेही म्हणाले, आहे तिथेच राहू द्या, दोनेक दिवसांत येऊन बघतो.

मी परत येऊन त्या म्हातारीला सांगितलं, "आजी, मघाचं चुकलं. इथे उन्हाने पोरी होत नाहीत."

"मला वाटलंच," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची झणझणीत आमटी). पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या घासाला कानांतून वाफ. तिसरी वाटी मी मागून घेतली. जेवताना मी आबांना म्हणाले, चर तीन हात वळवला तर?

"दोन बेंड लागत्यात. पान्याचा जोर मरतो," एवढं बोलून ते उठले.

गिरिजाबाईंनी मागून सुनावलं, "सोमवारी देवळात कासवावर डोकं टेकवता, आन् शेतात त्याच्या लेकरांवर पाईप घालता व्हय?"

"ते दगडाचं हाय. त्याला गहू लागत न्हाई."

मला तर हे वाक्य आवडलंसुद्धा.

सकाळी आबा मजूर आणायला गेले. गिरिजाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, एका हातात फावडं, दुसऱ्यात टिकाव.

"विहीणबाई, येता का?"

जाताना मी बाभळीवरची पिशवी काढली आणि वाटेत गेनूबाबांना दिली. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि आम्हाला काय लागेल ते सांगा म्हणाले. आम्हाला राख हवी होती. त्यांच्या चुलीतली राख घेऊन मी घरट्यापासून चार हात सोडून वळणाची रेघ मारली. मग पदर खोचून टिकाव उचलला.

आजवर मी कितीतरी खड्डे खणले असतील, पण ते वाळूत, हाताने. नदीकाठची ती काळी माती वाळून दगड झालेली. माझा पहिला घाव टणकन उडून आला आणि मी मागे, थेट बसकण मारून. गिरिजाबाई हसता हसता फावड्यावर रेलल्या. "आसं न्हाई, पाय फाकवा! लेक दिली, आता जीव देता का?"

कापूस वेचायला निघालेल्या बायका थांबल्या. मग बांधावरून जाणारी माणसं थांबली. तासाभरात आमचा चर ढोपराएवढा झाला, माझ्या तळहाताला दोन फोड आले आणि काठावर चांगली गर्दी जमली. मोटारसायकल आली, मागोमाग मजूर. आबा उतरले आणि जागीच उभे राहिले.

"अगं, काय करायलीस? विहिणीच्या हातात टिकाव?"

"आबा," कापूसवाल्यांतली एक म्हणाली, "पाव्हनीला लईच कामाला लावलंय की! रोजानं हाय का जेवनावर?"

सगळे खदखदले. आबांचा चेहरा लाल झाला. मुलीकडची विहीण, पाहुणी म्हणून आलेली, आणि व्याह्याच्या शेतात चर खणतेय! ही गोष्ट दुपारपर्यंत गेवराईच्या बाजारात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सोयऱ्यांत पोचणार होती. ते धावत आले आणि टिकाव धरला.

"द्या हिकडं."

"वळवणार असाल तर देते," मी म्हणाले. खरं सांगते, तो मला आणखी एकदाही उचलवला नसता.

आबांनी गव्हाकडे पाहिलं. पालथ्या टोपल्याकडे पाहिलं. माझ्या हातांवरच्या फोडांकडे पाहिलं, आणि तिथे त्यांची नजर जरा जास्त रेंगाळली. मग मजुरांकडे वळून ओरडले, "बगता काय बे? हितून वळवा! रेघ दिसंना का?"

तिसऱ्या दिवशी दिवसाच्या लाईटवर मोटार सुरू झाली. पाणी गव्हात आलं. आबांनी धारेखाली हात धरला. "जोर कमी आलाय," ते म्हणाले. तेच त्यांनी मला, गिरिजाबाईंना, मेघाला आणि पाहणी करायला आलेल्या वनरक्षकांनाही सांगितलं. पण घरट्याभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्यांनीच घातलं. कुत्री, मुंगूस येऊ नयेत म्हणून. पाण्याच्या बाजूला तळाशी चार बोटं फट ठेवा, असं गेनूबाबांनी सांगितलं, तीही त्यांनी मुकाट्याने ठेवली.

परतताना गिरिजाबाईंनी येसरचा डबा दिला आणि पुढच्या वेळी वास नसलेली वस्तू आणायला सांगितलं. या खेपेला मी कंडक्टरशेजारच्या बाकावर बसून आले, झोप लागू नये म्हणून.

नंतर आपला हंगाम सुरू झाला. पिल्लं समुद्राकडे सोडताना शंभर-दीडशे माणसं कॅमेरे घेऊन उभी असायची आणि मी नेहमीसारखी सांगायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. पण आता ते वाक्य माझ्या तोंडी तितकंसं ठाम येत नव्हतं. "आपल्या कासवांची" असा शब्द मी त्यात घालू लागले. इतकी वर्षं मला वाटायचं, कासव म्हणजे आपल्या किनाऱ्याचं. गोदाकाठी कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं, गव्हाची कापणी झाली असेल, उन्हाने जमिनीला भेगा पडल्या असतील, आणि त्याखाली ती तशीच पडून असतील. कितीदा वाटलं फोन करून विचारावं. विचारून काय कळणार होतं?

आषाढात एका सकाळी गिरिजाबाईंचाच फोन आला. "निगाली हो विहीणबाई! पाच निगाली!" गेनूबाबांनी नंतर हात घालून पाहिलं, पाच टरफलं आणि एक नासलेलं अंडं. पिल्लं जाताना बघायला दोघंच होते, गेनूबाबा आणि आबा. आबा म्हणे पहाटे उठल्याबरोबर चहाही न घेता तिकडे जायचे, पाऊस सुरू झाल्यापासून रोज.

त्यांनी काढलेला फोटो मेघाने मला पाठवला. त्यात आबांच्या पायाचा अंगठा आहे, पुष्कळसा चिखल आहे आणि कोपऱ्यात एक काळा ठिपका. इथे मी तो सगळ्यांना दाखवते. कुणालाच त्यात कासव दिसत नाही. मी बोट ठेवून म्हणते, हे काय, इथे, पाण्याकडे तोंड करून.