एका कानाच्या माणसांची पबातली बैठक

एका सकाळी मी उठले तेव्हा माझा उजवा कान गेलेला होता. दुखलं नाही, ताप आला नाही. आधी वाटलं, पाणी गेलं असेल. आठवडाभर थेंब टाकले, मग डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस गेली आहे, आता परत यायची नाही. दुसरा कान ठणठणीत होता. त्यामुळे लोकांना मी बहिरी वाटत नव्हते, नुसती बावळट वाटत होते. धुळ्यातल्या ज्या शाळेच्या ऑफिसात मी काम करते तिथे कोणी उजवीकडून हाक मारली की मी डावीकडे बघायची.

त्याच दिवसांत मोबाईलवर मला एक ग्रुप सापडला. एकाच कानाने ऐकणाऱ्यांचा. माणसं महाराष्ट्रभरची होती आणि नावं कोणी सांगत नसे. ज्यानं जो फोटो लावला असेल त्यावरून ओळखायचं. माझा फोटो पेन्सिलीचा होता. शेवंतीच्या फुलाचा फोटो लावणारं एक माणूस मला रोज लिहायचं. सुरुवातीच्या वाईट महिन्यांत, घरी सगळे हसताना आपण कशाला हसतोय हेच कळत नसे तेव्हा, शेवंती लिहायची, "कळलं नाही तर विचारा. लाजू नका." मी तिला अक्का म्हणायला लागले. ती बाई आहे असं तिनं कधी लिहिलं नव्हतं, पण मला तसंच वाटायचं. ती मुक्ताईनगरची आहे एवढंच माहीत होतं.

पुढे लक्षात आलं की ग्रुपमध्ये खान्देशातले आपण सात जण आहोत. भेटू या, असं ठरलं. कुठे, यावर आठवडा गेला. मी एखादी बाग सुचवली, कोणी देवस्थान सुचवलं. जळगावचा एक इंजिनियर मुलगा होता, पुण्यात चार वर्षं राहून परत आलेला. तो म्हणाला, पबमध्ये भेटू.

"शांत जागेत आपण ओरडून बोलतो आणि सगळे बघतात," त्यानं लिहिलं. "पबमध्ये गाणी एवढी जोरात असतात की सगळेच ओरडतात. तिथे आपण वेगळे दिसणारच नाही."

हे मला एकदम पटलं. आता विचार केला तर त्यात कुठेतरी घोटाळा होता, पण तेव्हा पटलं. सगळ्यांत थोरली म्हणून बुकिंगचं काम माझ्याकडे आलं.

घरी मी नवऱ्याला सांगितलं, "रविवारी जळगावला पबमध्ये जायचंय."

"पंपावर? कालच तर टाकी फुल केली."

त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत.

भुसावळ रस्त्यावर, जळगावच्या जरा बाहेर, एक जुनं फॅमिली हॉटेल होतं. त्याच्या अर्ध्या भागाला काळा रंग देऊन मालकानं त्यावर पब असं लिहिलं होतं. मी फोनवर मॅनेजरला सगळं समजावलं. आम्ही सात जण. प्रत्येकाचा एक कान चालत नाही. टेबल गोल हवं, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतील. तो सारखा "हो मॅडम, समजलं मॅडम" म्हणत होता. त्याला काय समजलं ते रविवारी कळलं.

रविवारी चार वाजता आम्ही आत गेलो तर पबमध्ये चिडीचूप. एकही गाणं नाही. मॅनेजर माझ्यासमोर आला, छातीवर हात ठेवला आणि सावकाश ओठ हलवत म्हणाला, "सगळं बंद केलंय." आवाज न काढताच. आम्ही सगळे पूर्ण बहिरे आहोत असं त्यानं धरलं होतं. पन्नाशीचा एक वेटर होता, तो बोटांनी विचारत होता किती ग्लास. मी म्हटलं, "भाऊ, आम्हाला ऐकू येतं." त्यानं मान डोलावली आणि पुन्हा बोटं दाखवली.

टेबल मात्र गोल होतं आणि खुर्च्या मोजून सात. पण बसायचं कसं? ज्याचा उजवा कान गेलाय त्याला उजव्या हाताला कोणी नको. सातवी शेवंती अजून यायची होती. आलेल्या आम्हा सहांत पाच जण उजव्या कानाने गेलेले. धुळ्याचे कापडाचे व्यापारी, मारवाडी जैन, माझ्याबरोबरच एसटीने आलेले. भुसावळला पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणारे एक मुसलमान भाईजान. पाचोऱ्याच्या दोन बहिणी. इंजिनियर मुलगा. आणि मी. मुलाचा तेवढा डावा गेलेला. आम्ही टेबलाभोवती दोनदा फिरलो, उठलो, बसलो. पलीकडे बियर पीत बसलेले तिघेजण ग्लास खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिले. शांततेत आमचं बोलणं सभेतल्यासारखं मोठ्यानं घुमत होतं.

मुलानं बियर मागवली. व्यापारी आणि भाईजान यांनी लिंबू सोडा घेतला. बहिणींनी एकमेकींकडे बघून तोच घेतला. मी बियर मागवली, कारण पबमध्ये आलोय तर घ्यायला हवी असं मला वाटलं, आणि मग ती समोर ठेवून बसले.

शेवंती अजूनही आली नव्हती. तेवढ्यात पांढरा सदरा, पायजमा आणि टोपी घातलेले एक आजोबा आत आले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि आमच्यापाशी येऊन विचारलं, "बैठक आठेच शे ना?"

"इथेच, इथेच," आम्ही सगळे म्हणालो.

"बठ्ठा ई ग्यात का?"

"सगळे आलेत, तुमचीच वाट बघत होतो," मी म्हटलं. ते सातव्या खुर्चीवर बसले, नेमके माझ्या उजव्या बाजूला. मी पूर्ण वळून विचारलं, "तुम्हीच ना शेवंतीवाले?"

ते काहीतरी बोलले. मला एवढंच आलं, "लावली होती मागं." फोटो लावला होता, असं मी समजले. ज्यांना मी आठ महिने अक्का म्हणत होते, बायकी गोष्टी लिहीत होते, ते हे आबा? मी म्हटलं, "माफ करा, मी तुम्हाला अक्का म्हणत होते." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "असू द्या."

धाकट्या बहिणीनं पलीकडून विचारलं, "किती वर्षं झाली, आबा?"

"पंचवीस पुरी होतील."

"म्हणजे जन्मापासून नाही?"

"जन्मापासूनच की, बाई."

आम्ही माना डोलावल्या. आमच्यासारख्यांची ही खोड आहे, अर्थ लागला नाही की मान आपोआप हलते.

"त्रास होत असेल," व्यापारी म्हणाले.

"छे. स्वभावानं गरीब आहे."

"होते सवय."

"नव्या घराची सवय व्हायला जरा वेळ लागणारच," आबा म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मुलगा कोणता?"

इंजिनियर मुलानं हात वर केला. "मीच. माझीच आयडिया होती."

आबांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मग त्याच्या ग्लासाकडे. "पितो?"

"इथे आल्यावर घ्यायला हवीच ना, आबा," तो हसून म्हणाला. "नाहीतरी एक कान गेलाच आहे."

आबांचा चेहरा उतरला. "कान गेलाय? हे आम्हाला कुणी सांगितलं नाही." ते उठले. "पोरीच्या बापासमोर बियर घेऊन बसतो, आणि वर कान नाही!"

आम्ही सगळे "काय? काय?" करत राहिलो. ज्याला ऐकू आलं त्याला अर्थ कळत नव्हता आणि अर्थ कळण्याइतकं धड कुणाला ऐकू आलं नव्हतं. शेवटी मॅनेजर धावत आला, आणि या वेळी चांगला मोठ्यानं बोलला. "बाबा, तुमची पार्टी तिकडे फॅमिली हॉलमध्ये आहे! भुसावळची मंडळी अर्ध्या तासापासून थांबली आहेत."

आबा अमळनेरकडचे होते. पोरीच्या लग्नाची बोलणी करायला एकटेच आले होते. हॉटेल त्यांना जुनं म्हणून माहीत होतं, पण त्याच्या अर्ध्या भागाचा पब झालेला माहीत नव्हता. शेवंती त्यांनी खरोखर मागं शेतात लावली होती. आता कपाशी होती.

त्यांना सगळं समजलं तेव्हा ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि माझ्या ग्लासाशेजारचं पाणी घटाघटा प्यायले. जाताना म्हणाले, "तुम्ही बठ्ठा भला मानसे शेतस." मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बी काही वाईट नही रे, पोरा."

ते गेल्यावर बहिणी हसायला लागल्या, मग आम्ही सगळेच. मी फोन बघितला. शेवंतीचा निरोप येऊन वीस मिनिटं झाली होती.

"मी हॉटेल गाठलं होतं. काचेच्या दारातून बघितलं. सात खुर्च्या, सात माणसं. तुम्ही सगळे बोलत होतात. तुम्हाला मी येईन असं वाटलं नसावं. काही हरकत नाही."

मी फोन लावला, तिनं उचलला नाही. भाईजान म्हणाले, मुक्ताईनगरची गाडी या रस्त्यानेच जाते, चला. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी पुढच्या थांब्यापर्यंत गेले. वाटेत ते काहीतरी सांगत होते, वारा होता, मी "हो, हो" म्हणत होते. थांब्यावर कोणी नव्हतं. पेरूवालीला विचारलं. ती म्हणाली, एक बाई होती, आत्ताच गेली गाडी. म्हणजे बाईच होती. एवढं तरी माझं बरोबर होतं.

मी तिला तीन लांबलचक निरोप लिहिले. आबा, पोरगी, कपाशी, सगळं. परत वाचलं तर माझाच विश्वास बसेना. चार दिवसांनी उत्तर आलं, "बरं." पुढे काही नाही.

महिन्याभरानं सुटीच्या दिवशी मी मुक्ताईनगरला गेले. पुन्हा पुन्हा विचारल्यावर तिनं पत्ता तेवढा दिला होता, पण या म्हणाली नव्हती. गल्लीत शिलाईचं छोटं दुकान. साधारण माझ्याच वयाची, चष्मा लावलेली बाई मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं आणि स्टूल उचलून आपल्या डाव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला ठेवलं. मी बसले तर माझा उजवा कान तिच्याकडे झाला. आम्ही समोरासमोर बसलो.

चहा झाल्यावर तिनं विचारलं, "एक मला अजून कळत नाही. तुम्ही त्या म्हाताऱ्याला मी कसं समजलात? मी पुरुष आहे असं वाटायचं का?"

"नाही. कधीच नाही."

"मग?"

मी म्हटलं, "ते येऊन बसले तेव्हा ते चुकले असतील असं मनातच आलं नाही. वाटलं, आठ महिने मीच काहीतरी चुकीचं समजत होते. कान गेल्यापासून पहिलं तेच वाटतं, चूक माझीच असणार."

तिनं हातातला दोरा दातानं तोडला.

"मला दारात तेच वाटलं," ती म्हणाली. "आत यायचं, विचारायचं, हे सुचलंच नाही. आणि तुम्हाला मी रोज काय लिहायची?"

एक गिऱ्हाईक बाई परकराचं कापड घेऊन आली आणि दारातूनच काहीतरी बोलली. आम्हा दोघींनाही नीट ऐकू आलं नाही. शेवंतीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"काय म्हणालात, ताई?" तिनं विचारलं. "परत सांगा."