दरवाज्याचे एकेचाळीस दगड

सगळे त्याला डावऱ्या म्हणत. तो पाथरवट, मी त्याचा दोरवाला. बावीस वर्षं त्याचे दगड कप्पीवर चढवले. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, त्याला मात्र कधी दादा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कामावर ओरडता आलं नसतं.

काम डोंगरावरच्या किल्ल्याच्या दुरुस्तीचं. पायथ्यापासून तीनशे बारा पायऱ्या. किल्ला सहाशे वर्षांचा, दगड त्याच डोंगराचा. दगड काढून जो खड्डा पडला, त्याचंच पाण्याचं टाकं केलेलं. एका घामात दोन कामं. दरवाज्याशी पाटी आहे: कोणत्या राजाने किल्ला बांधला, कोणी वेढा दिला. दगड कोणी घडवले, ते पाटीवर नाही.

ते दगडावर आहे. डावऱ्याला पहिल्याच आठवड्यात दिसलं. दरवाज्याच्या एका खांबावर छिन्नीचे घाव उलट्या बाजूला कललेले. उजव्या हाताने तसे पडत नाहीत. एकेचाळीस दगड, सगळे एकाच हाताचे. हा आपल्यातला, एवढंच तो म्हणाला. लहानपणी घरच्यांनी त्याची डाव्या हाताची सवय मोडायचा फार प्रयत्न केला होता. पालथ्या घड्यावर पाणी.

मग नवा साहेब आला. खांबाचे दगड झिजलेत, एकेचाळीसही उतरवा, म्हणाला. यंत्रावर कापलेले नवे दगड पायथ्याशी येऊनही पडले होते. डावऱ्या परांचीवर चढला आणि हातोडीने एकेक दगड वाजवत गेला. चांगला दगड खणखणतो, मेलेला बद्द वाजतो. एकोणचाळीस खणखणले. दोन बद्द वाजले, त्यांवर त्याने खडूने फुली मारली.

साहेब म्हणाला, "आवाजावर काम चालत नाही. कागदावर चालतं."

"मग कागदच लावा दरवाज्याला."

आम्ही माना खाली घालून हसलो. साहेबाला ते दिसलं. सोमवार होता. शनिवारपासून कामावर येऊ नकोस, असं त्याने डावऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं.

"शनिवारपासून ना? म्हणजे पाच दिवस माझे."

दुसरा असता तर हत्यारं गुंडाळून घरी गेला असता. हा दगड निवडायला गेला. एक दगड घडवायला दोन दिवस, बसवायला अर्धा. त्याने दोन घडवले, त्याच डाव्या हाताने, त्याच कलाने. पाठीवर, भिंतीत जाणाऱ्या बाजूला, साल कोरलं. पुढे कोणी उघडलं तर फसू नये म्हणून. साहेबाने मला दोनदा निरोप धाडला: दोर सोड, जुने दगड उतरवायला लाग. दोर डावऱ्याच्या कामात अडकलाय, असं मी कळवलं. ते खरंच होतं. बुधवारी वहिनी डबा घेऊन वर आल्या. त्यांना सगळं कळलं होतं. नोकरी जाणारच आहे तर काम तरी अर्धवट टाकू नका, असं सांगून त्या उतरून गेल्या.

शुक्रवारी चार वाजता शेवटचा दगड चुन्यात बसला. डावऱ्याने टेकू काढले, परांची झाडली, साहेबाच्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी साहेब स्वतः शिडीवर चढला. शिडी मी धरली. त्याने माझ्याकडून हातोडी मागून घेतली आणि एकेक दगड वाजवला. उजव्या हाताने, वेडावाकडा, पण एकेचाळीसही वाजवले. कुठेच बद्द नाही. खाली उतरून म्हणाला की यंत्राचे दगड अंगणात फरशीला लावा.

डावऱ्याला परत बोलावलं नाही. त्यानेही विचारलं नाही. पुढे तो दुसऱ्यांच्या घरांचे उंबरे घडवत राहिला.

आता तो अठ्ठ्याहत्तरचा आहे. वर्षातून एकदा आम्ही तिकीट काढून वर जातो. मी दोन ठिकाणी बसतो, तो एकदाही नाही. दरवाज्यापाशी पोचला की खिशातून हातोडी काढतो. परवा नव्या पहारेकऱ्याने हटकलं, आजोबा, पाटी वाचा, हात लावायला मनाई आहे.

"हात कुठे लावतोय," डावऱ्या म्हणाला आणि पहिला दगड वाजवला.

पहारेकरी माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, चाळीस राहिलेत, थांबा.