सांताची क्रेन आणि एक्सरेताई

विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत सोळा वर्षं एकाच स्क्रीनसमोर बसलेल्या त्या बाईला सगळे एक्सरेताई म्हणायचे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघायची नाही. पट्ट्यावरून बॅग मशीनमध्ये गेली की स्क्रीनवर रंग उमटतात. कापड, कागद, खाणं नारिंगी दिसतं, धातू निळा, आणि दोन्हींची सरमिसळ हिरवी. बाकीच्यांना तिथे रंग दिसत, हिला थेट माणसं दिसत. ही बॅग घाईत भरलीये, ही सासूने भरून दिलीये, आणि ह्या गृहस्थांनी डॉक्टरांनी बंद केलेली बिस्किटं मोज्यांत लपवलीयेत. बोलायची मात्र नाही. बिस्किटांना बंदी नव्हती.

बॅग थांबवली की समोरच्याला ती एकच वाक्य म्हणायची, "यात काय आहे ते खरं सांगा, वेळ वाचेल." आता दिवसातून दोनशे वेळा हे वाक्य म्हटल्यावर ते माणसाच्या हाडीमासी खिळणारच. खोटं बोलणं तिला जमतच नसे. शेजारणीने एकदा नवे पडदे कसे वाटतात म्हणून विचारलं आणि हिने सांगितलं. शेजारीण अजून बोलत नाही. वाढदिवसाला कोणी कागदात गुंडाळलेलं खोकं हातात ठेवलं की ही ते नुसतं तोलून म्हणणार, "किटली. झाकण वेगळं आहे." देणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

नवरा बरोबर उलटा. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा. खोटं हे खऱ्यासारखं दिसलं पाहिजे, थोडं वेडंवाकडं, थोडं पिवळसर, हा त्याचा धंदाच होता. त्यामुळे घरातली सगळी थापेबाजी त्याच्याकडे असायची आणि सांताचं खातंही अर्थातच त्याच्याकडे होतं.

डिसेंबर आला की एक्सरेताईची ड्यूटी म्हणजे कसरत. दर तिसऱ्या बॅगेत सांताची भेट, आणि बॅगेच्या शेजारी जिच्यासाठी ती भेट आहे ते पोर. आईबाप डोळ्यांनी खुणा करायचे, भुवया उडवायचे, एक बाप तर काऊंटरवर हात जोडून उभा राहिला होता. ती पोराला वजनकाट्यावर उभं राहायला पाठवायची, तोवर बॅग पाठमोरी धरून तपासायची आणि आईला हळूच सांगायची, की बाई गं, कागद आधी लावून आणू नका, इथे फाडावाच लागतो, कागदाची गुंडाळी नुसती बरोबर ठेवा. अशी किती पोरांची नाताळची सकाळ तिने वाचवली असेल, गणती नाही.

आणि स्वतःच्या पोरीची एकही सकाळ तिने पाहिली नव्हती. नाताळात गर्दी, गर्दीत जुनं माणूस हवं, आणि जुनी हीच. मुलगी सात वर्षांची. घरात कुठेही खाऊ लपवला तरी हुडकून काढायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलेलं. मुंगी भेट उघडते तेव्हा कशी दिसते, हे आईने फक्त नवऱ्याने पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं होतं. नवऱ्याचा फोन धरायचा हात असा दिव्य, की सहा वर्षांच्या व्हिडिओंत मिळून मुंगीचा भांग, एक कान आणि पुष्कळशी फरशी एवढंच दिसत होतं. जगाच्या बॅगांत डोकावणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकीचं तोंड बघायला मिळू नये, याचं तिला फार लागायचं. डबा खाताना ती ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची आणि मग अर्धा डबा तसाच ठेवायची.

या वर्षी तिने साहेबांकडे रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं, हिने खरं सांगितलं, आणि साहेबांनी मान खाली घालून सही केली. ठरलं असं, की चोवीस तारखेला विमानाने तिच्या बहिणीकडे जायचं आणि नाताळची सकाळ तिकडे काढायची. मुंगीने सांताला पत्र टाकलं होतं. तिला क्रेन हवी होती, लाल, खरा आकडा आणि खरी साखळी असलेली. शिवाय पत्राखाली मावशीचा पत्ता दोनदा लिहिला होता, कारण सांताचा भरवसा काय.

एक भीती तेवढी होती. मुंगीच्या वर्गातल्या कोणा शहाण्याने सांता बिंता काही नसतो असं जाहीर केलं होतं. मुंगीने हे आईला विचारलं तर संपलंच. नवऱ्याने बायकोला बजावून ठेवलं, की प्रश्न आला रे आला की तू न्हाणीघरात जायचंस. त्या डिसेंबरात एक्सरेताई दिवसाला सात-आठ वेळा हात धुवायची.

क्रेन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायला ती तयार नव्हती. सामान कसं फेकतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तेव्हा क्रेनचं खोकं हातातल्या बॅगेत घेतलं. खोक्यावर क्रेनचं भलंमोठं चित्र होतं, म्हणून वर शाल. बॅटऱ्या काढून वेगळ्या पिशवीत, लाल कागदाची गुंडाळी आणि चिकटपट्टी बाजूच्या खणात. नवरा मुंगीला घेऊन पुढच्या रांगेतून जाणार, ही बॅग घेऊन मागच्या रांगेतून. सगळी तयारी डोळ्यांत तेल घालून केलेली.

मागच्या रांगेच्या स्क्रीनवर त्या दिवशी नवीन बाई बसली होती. आधी शाळेत गणित शिकवायची, महिन्यापूर्वी इकडे आली, आणि तिला सगळं काम शिकवलं होतं एक्सरेताईनेच. कोणाची ओळख ठेवायची नाही, साखळी, मोटर आणि आकडा एकत्र दिसला की बॅग उघडायची, हे धडे नवीन बाईने वहीत उतरवून घेतले होते. बॅग मशीनमध्ये गेली, पट्टा थांबला. नवीन बाईने मान वर केली, समोर गुरू पाहिला, लाल झाली, पण डगमगली नाही.

"ताई, यात काय आहे ते खरं सांगा, वेळ वाचेल."

आणि सोळा वर्षांची सवय ताईच्या तोंडून धाडधाड बाहेर पडली.

"खेळण्यातली क्रेन. लाल. साखळी आणि आकडा धातूचा, आत छोटी मोटर, बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवल्यात. मुलीसाठी आहे, सांताची म्हणून द्यायची आहे."

बोलून झाल्यावर तिने खाली पाहिलं. कोपराशी मुंगी उभी होती. आई मशीनच्या त्या बाजूने कशी दिसते ते बघायला ती बापाचा हात सोडवून धावत आली होती.  सगळं ऐकून तिने बॅगेकडे पाहिलं, मग आईकडे. मागून धापा टाकत नवरा आला आणि विमानं बघू या म्हणत पोरीला खिडकीकडे घेऊन गेला.

टेबलावर क्रेनच्या खोक्याएवढंच आणखी एक खोकं उघडून पडलं होतं. एका टोपीवाल्या गृहस्थांनी आपल्या मुलासाठी आणलेलं अकॉर्डियन, म्हणजे भाता ताणून वाजवायची ती पेटी, लहान मुलांची. त्यांचा मुलगा आईबरोबर पाणी प्यायला गेला होता, तेवढं नशीब. त्यांचा सुंदर कागद मात्र नवीन बाईने नियमाप्रमाणे फाडला होता आणि ते बिचारे त्याच तुकड्यांची मोट बांधू पाहत होते. विमानाची सूचना सुरू झाली. एक्सरेताईला कोणाचे हाल बघवत नाहीत. तिने त्यांच्या हातातून खोकं घेतलं, आपला लाल कागद काढला आणि दोन्ही खोकी फटाफट गुंडाळली. हात काम करत होते, डोळे खिडकीपाशी मुंगीच्या पाठीवर. एक खोकं टोपीवाल्यांच्या हातात दिलं, एक आपल्या बॅगेत टाकलं आणि धावली. नवीन बाई मागून रडवेली होऊन माफी मागत होती. तू बरोबरच केलंस, असं तिला जाता जाता सांगितलं. खरंच होतं ते.

विमानात नवऱ्याने कसब पणाला लावलं. त्याने मुंगीला समजावलं की प्रवासातल्या मुलांच्या भेटी सांता आदल्या दिवशीच आईबाबांकडे देऊन ठेवतो, त्याला तरी किती ठिकाणी धावायचं, आणि आई तर तपासणीतलीच, म्हणून तिच्याकडे सगळ्यात आधी. मुंगीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा, तू केलेले दात पण असेच खरे वाटतात. मग ती आईकडे वळली.

"आई, तू सांग. सांता आहे की तूच आणतेस?"

एक्सरेताई उठायला गेली, तर पट्टे बांधून ठेवायचा दिवा लागलेला. हवाईसुंदरीने हात करून खाली बसवलं. नवरा वर छताकडे बघत होता. तिने पट्टा ओढून घट्ट केला आणि म्हणाली, "उद्या सकाळी भेट उघडलीस की सांगते. जे असेल ते खरं सांगते."

तिकडे गेल्यावर बहिणीने खाऊ घातलं, गप्पा झाल्या, पण हिचं कशात लक्ष नव्हतं. सहा वर्षं ज्या तोंडासाठी जीव टांगणीला लावला, ते तोंड आता कसं असणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. आत काय आहे ते मुंगीला ठाऊक. भेट ती उघडणार, समजुतीने हसणार आणि मग प्रश्न विचारणार. आपल्या एका वाक्याने आपण पोरीचा सांताही घालवला आणि आपली सकाळही, असं म्हणून ती बहिणीच्या स्वयंपाकघरात कांदा चिरताना रडली. कांदा नसता तरी रडली असती.

सकाळी बैठकीच्या खोलीत लाल खोकं ठेवलं. नवरा फोन घेऊन सज्ज. मावशी सोफ्यावर. मुंगी खोक्यासमोर मांडी घालून बसली, विजेचं बिल उघडायला बसावं तशी. कागद फाडायच्या आधी तिने आईकडे एकदा पाहून घेतलं. मग सरळ एक पट्टी ओढली, कागद खाली आला.

खोक्यावर अकॉर्डियनचं चित्र होतं.

मुंगीने चित्राकडे पाहिलं नाहीच. तिने आईकडे पाहिलं. आणि आईचं तोंड असं उघडं पडलं होतं की खालचा जबडा बहुधा खांद्याखाली गेला असावा. जन्मात पहिल्यांदा एक्सरेताईला न कळलेली वस्तू खोक्यातून निघाली होती. ती उठली, खोकं उचललं, उलटं केलं, कानाशी हलवलं, पुन्हा चित्र पाहिलं.

"आई," मुंगी अगदी हळू म्हणाली, "तू तर क्रेन म्हणाली होतीस."

"क्रेनच होती."

"मग हे कोणी ठेवलं?"

"मला माहीत नाही गं," आई म्हणाली. "खरंच माहीत नाही."

तेव्हा मुंगीचा चेहरा बदलला. आधी डोळे मोठे झाले, मग भुवया वर चढल्या, मग ओठ थरथरले आणि सगळा चेहरा आतून पेटल्यासारखा उजळला. एक्सरेताई हातात खोकं घेऊन ते नुसती बघत राहिली. दोन हातांच्या अंतरावरून, पूर्ण चेहरा, भांगापासून हनुवटीपर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

मुंगीने अकॉर्डियन गळ्यात अडकवलं, एक भयानक सूर काढला आणि आजूबाजूच्या घरांतून दाखवायला पळाली.

ती गेल्यावर दोन मिनिटांनी एक्सरेताईला टेबल आठवलं, टोपीवाले आठवले, दोन लाल खोकी आठवली. ती डोक्याला हात लावून खाली बसली आणि मुंगीला परत बोलावते म्हणाली. नवऱ्याने दारात आडवं उभं राहून तिला विचारलं, की तुला आत्ता कोणी काही विचारलंय का? नाही ना? मग बस गप्प. पण त्या दुसऱ्या पोराचं काय, हे काही तिला बसू देईना. तिने नवीन बाईला फोन लावला, उघडलेल्या सामानाच्या नोंदवहीतून टोपीवाल्यांचा नंबर काढवला आणि त्यांना गाठलं. झाली चूक माझीच, असं सरळ सांगितलं. टोपीवाले म्हणाले, ताई, रिमोटच्या बॅटऱ्या काढून क्रेनमध्ये घातल्या आणि त्याने सकाळपासून आजीच्या चपला आकड्याने उचलून कपाटावर नेऊन ठेवल्यात, आणि अकॉर्डियनचं तर तो नावही काढत नाही, ते त्याच्या आईच्या हौसेने घेतलं होतं. आता अदलाबदल केलीत तर आमच्याकडे रडारड होईल, मेहरबानी करून राहू द्या.

एवढ्यात मुंगी परतली. मागे शेजारची चार पोरं, त्यांत एक दहा-अकरा वर्षांचा, ओठ वाकडे करून चालणारा, म्हणजे प्रत्येक वर्गात असतो तसला शहाणा. सांता वगैरे सगळं आईबाबाच करतात, असं तो म्हणत होता. मुंगीने त्याला हाताला धरून आईसमोर आणून उभं केलं.

"ही माझी आई. हिला सगळ्या बॅगांतलं सगळं कळतं. आणि ही कधी खोटं बोलत नाही, कोणालाही विचार," ती म्हणाली. "हिलासुद्धा माहीत नव्हतं."

शहाण्याने मान वर करून एक्सरेताईकडे बघितलं. खरंच माहीत नव्हतं का, त्याने विचारलं.

नवरा छताकडे बघू लागला. एक्सरेताईने त्या मुलाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"उघडलं तेव्हा? नाही," ती म्हणाली. "अजिबात माहीत नव्हतं."

शहाण्याने वाकडे ओठ सरळ केले आणि अकॉर्डियनला हळूच बोट लावून पाहिलं. मुंगीने भाता ताणला, आणि मावशीने सोफ्यावर बसल्या बसल्या कानांवर उशी दाबून धरली.